दोनशे बारा काठ

नवा कॉम्प्युटर अकरा सेकंदांत सुरू होतो, हे सूरजनं दसऱ्यापासून घरात येणाऱ्या प्रत्येकाला सांगून झालं होतं. दूधवाल्यालाही सांगितलं होतं. जुना सुरू व्हायला जेवढा वेळ घ्यायचा, तेवढ्यात सूरजचे वडील आण्णाप्पा ढवळे अंघोळ उरकून, देवाला फूल वाहून, चहाची कपबशी घेऊन त्याच्यासमोर येऊन बसत, आणि तरी तो आपला घरघरतच असे. आण्णाप्पांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. माग लावायलाही वेळ लागतोच की. पण गेली दोन वर्षं तो कामाच्या मध्येच गोठायला लागला. उन्हाळ्यात त्याचं झाकण काढून, टेबलफॅन लावून बसावं लागे. दोन दुरुस्तीवाल्यांनी तो उघडून बघितला आणि सांगितलं, ह्यात आता नवं काही बसत नाही, ह्याची मेमरी बाजारात मिळत नाही, आणि आतली डिस्क आज जाईल की उद्या ते देवालाच ठाऊक. तेव्हा कुठं आण्णाप्पांनी मान हलवली. तीही एका अटीवर. आतलं सगळं आधी नीट उतरवून घ्यायचं. एकसुद्धा काठ हरवता कामा नये.

काठ म्हणजे साड्यांचे काठ. आण्णाप्पांनी बेळगावच्या शहापुरात चाळीस वर्षं ग्राफ काढायचं काम केलं होतं. विणकराला हवी ती नक्षी चौकटीच्या कागदावर घर न् घर भरून काढायची, त्या कागदावरून पुठ्ठ्याला भोकं पाडायची, आणि तो पुठ्ठा मागावर चढला की तीच नक्षी कापडात उतरायची. पुढं कागदाची जागा कॉम्प्युटरनं घेतली. त्याच्याही पुढं गल्लीतले माग एकेक करून बंद पडले आणि हातमाग म्हणावा असा एकट्या भरमूचा उरला. पण तोवर आण्णाप्पांना एक नाद लागला होता. बेळगावात, खानापुराकडं, पार निपाणी-सदलग्यापर्यंत कुणाच्या ट्रंकेत आजीच्या लुगड्याचा तुकडा उरलाय असं कानावर आलं, की ते बस धरून जात, तो तुकडा मागून आणत आणि त्याचा काठ कॉम्प्युटरवर चढवत.

तुकडाच असायचा. लुगडं नेसून विरलेलं, त्याची गोधडी झालेली, गोधडीचं पोतेरं झालेलं, आणि कुण्या बाईनं वीतभर काठ तेवढा कापून डब्यात जपलेला. इतक्या जुन्या कापडात धागे एकमेकांत असे दबून बसतात, की भिंगातून बघूनही कुठला वर आणि कुठला खाली ते कळत नाही. मग एकच रस्ता. सुई घ्यायची आणि एकेक धागा उसवत, मोजत, भरत जायचं. वीतभर काठाला चार-चार दिवस लागत. चौथ्या दिवशी काठ कॉम्प्युटरमध्ये असायचा आणि टेबलावर रंगीत धाग्यांचा एक पुंजका. आण्णाप्पा बायकांना हे आधी सांगत. बहुतेक जणी म्हणत, घ्या, ट्रंकेत कुजण्यापेक्षा बरं. असे दोनशे बारा काठ झाले होते. त्यांतले पन्नासेक भरमूनं विणले, त्यांचे पुठ्ठे त्याच्या माळ्यावर होते. बाकीचे दीडशेच्या वर काठ कॉम्प्युटरच्या त्या एका डब्याखेरीज कुठंच नव्हते.

नंदगडची नागुबाई आली ती दसऱ्यानंतरच्या रविवारी. सत्तरी ओलांडलेली, काटक, बोलण्याला कात्रीसारखी. तिच्या आईच्या लुगड्याचा मुंगीकाठ आण्णाप्पांनी चौदा वर्षांपूर्वी उसवला होता. दोन्हीकडं करवतीचे दाते आणि मध्ये एकामागं एक चाललेल्या काळ्या मुंग्या, असा तो काठ. आण्णाप्पांनी तसा दुसरा कुठं पाहिला नव्हता. आता नातीचं, तेजस्वीचं, लग्न ठरलं होतं आणि तिच्या अंगावर तोच काठ पाहिजे असं नागुबाईनं ठरवलं होतं. भरमूशी बोलून ती मोकळी झाली होती. त्यानं मागावर उभ्या धाग्यांचा ताणा चढवून ठेवला होता.

"बस आक्का," आण्णाप्पा म्हणाले. "आता नवं मशीन आणलंय. लगीच दाखवतो."

"अकरा सेकंद," सूरज आतून म्हणाला.

अकरा सेकंदांत कॉम्प्युटर सुरू झाला. आण्णाप्पांनी नक्षीच्या प्रोग्रामवर दोनदा टिचकी मारली. मागाचं ओळखीचं चित्र आलं आणि त्यावर एक चौकोन उमटला. चार ओळी इंग्रजी, खाली एक बटण. बटण दाबलं की सगळंच बंद. परत उघडलं, परत तेच. सूरज मागं येऊन उभा राहिला आणि त्यानं वाचून सांगितलं.

"लॉक सापडत न्हाय म्हणतंय."

आण्णाप्पांचा हात माऊसवर तसाच राहिला.

लॉक म्हणजे अंगठ्याएवढा एक काळा तुकडा. जुन्या कॉम्प्युटरच्या पाठीला, पूर्वी जिथं प्रिंटर जोडत त्या जागी, तो खुपसलेला असे. तो असेल तरच प्रोग्राम उघडायचा. चोरून कुणी दुसऱ्या मशीनवर चालवू नये, म्हणून बनवणाऱ्यांनी केलेली ती सोय होती. वीस वर्षं तो तिथंच होता. नव्या कॉम्प्युटरच्या पाठीला तसली जागाच नव्हती, हे आण्णाप्पांनी आत्ता वाकून बघितलं.

"कुठाय ते?" त्यांनी विचारलं.

"जुन्यालाच असंल. आप्पा, पण काळजी करू नका, डाटा सगळा सेफ आहे. दोनशे बाराच्या दोनशे बारा फायली. मी मोजल्यात. एक कॉपी ह्यात, एक कपाटातल्या हार्डडिस्कमध्ये, एक इंटरनेटवर. उद्या घराला आग लागली तरी जायचं न्हाय."

"मग मुंगीकाठ उघड."

"ते... लॉक पाहिजे ना."

"सेफ हाय म्हणालास."

"सेफच आहे."

"मग उघड की."

सूरजनं परत बटण दाबलं, परत तोच चौकोन. आण्णाप्पांच्या कानशिलाजवळची शीर उडायला लागली. चाळीस वर्षं विणकरांच्या तगाद्यात बसून त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता. चढवायचं मनात यायचं, पण आपलंच काहीतरी चुकलं असेल अशी शंका आधी यायची आणि राग तिथंच बसायचा. आज शंका आली नाही. जुनं मशीन कुणी नेलं? सूरजनं. दुकानात कुणी दिलं? सूरजनं. जुनं द्या, नवं न्या, अशी पाटी होती म्हणून, आणि दसऱ्याचा मुहूर्त चुकू नये म्हणून.

"काय रं, दिसंना व्हय?" नागुबाईनं बशीतून चहा ओढत विचारलं.

"दिसंल आक्का. जरा गडबड झालीया. पुढच्या रविवारी ये."

"म्हंजे नंदगडास्नं परत एक बस. भरमूचा माग काय उपाशी ठेवतोस?" ती उठली. "दिसल्याबिगार मी जाणार न्हाय पुढच्या टायमाला. सांगून ठेवते."

सोमवारी सूरजनं शाळेच्या ऑफिसातून अर्धा दिवस रजा काढली आणि दोघं टिळकवाडीतल्या त्या दुकानात गेले. काऊंटरवर सौरव नावाचा तिशीतला माणूस होता. त्यानं नावाची चिठ्ठी बघितली, मागच्या खोलीत गेला आणि जुना डबा उचलून काऊंटरवर आणून ठेवला. पुढच्या बाजूला खंडेनवमीच्या पूजेची गंधाची पाच बोटं अजून तशीच होती.

"हे बघा काका. आम्ही पुसलं पण न्हाय. कोपऱ्यात नमस्कार करून ठेवलंय."

आण्णाप्पांनी डबा फिरवला. पाठीच्या त्या जागी दोन ओळींत बारीक भोकं दिसत होती. लॉक नव्हतं.

"हितलं काढलंय कुणी?"

"हितं काय नव्हतंच."

"होतं. वीस वर्षं होतं."

"काका, आलं तवा जसं होतं तसं हाय. आमची यादी बघा, कॅबिनेट एक, वायर एक."

"तुमच्या माणसानं काढलं असंल."

"काढून करणार काय? ते काळं काय चहात बुडवून खायाचं हाय?"

दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. आण्णाप्पांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी काऊंटरवर हात आपटला, आणि आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसाला त्याच्याच दुकानात खोटारडा म्हटलं. चोर म्हटलं. तुम्हाला डबा दिसतो, त्यात काय हाय ते दिसत न्हाय, असंही म्हटलं, आणि ते म्हणताना आवाज फाटला. सौरवचं तोंड उतरलं. तो काही उलटून बोलला नाही. त्यानं नोकराला बोलावून मागची सगळी खोली शोधायला लावली, खोकी उपसायला लावली. आण्णाप्पा काऊंटरला धरून उभे होते. अर्ध्या तासानं नोकर धुळीनं माखून बाहेर आला आणि त्यानं मान हलवली.

येताना रिक्षात सूरज म्हणाला, "आप्पा, चूक माझी हाय. मी फायली मोजल्या. उघडून एक पण बघितली न्हाय. जुनं देऊन टाकायच्या आधी नव्यावर उघडून बघायला पायजे होतं. तसंच करतात. मला ठाऊक होतं, मुहूर्ताच्या गडबडीत..."

"त्या दुकानदारानं काढलंय."

"त्यानं कशाला काढलं असंल?"

"मग कुणी काढलं? तू?"

सूरजनं रिक्षावाल्याला पुढचं वळण सांगितलं.

पुढचे चार दिवस घरात आण्णाप्पांच्या रागाखेरीज काही नव्हतं. सूरज ऑफिसातून आला की नव्या कॉम्प्युटरसमोर बसे आणि एकेक खटपट करून बघे. प्रोग्राम बनवणारी कंपनी बंद होऊन अकरा वर्षं झाली होती, तिचा फोन दुसऱ्याच कुणाच्या घरी लागला. नक्षीचे दुसरे प्रोग्राम त्यानं आणून बघितले. त्यांतला एकही ह्या फायली ओळखत नव्हता. एकानं ओळखल्यासारखं केलं आणि मुंगीकाठाच्या जागी नुसते ठिपके दाखवले, तांदळात खडे मिसळावेत तसे. "निदान काहीतरी दिसतंय," सूरज म्हणाला. आण्णाप्पांनी ताट बाजूला सरकवलं आणि उठून गेले. भाजीत मीठ जास्त, चहा निवलेला, खिडकी उघडी का, बंद का. सून पूर्णिमा सगळं ऐकून घेत होती. नवा कॉम्प्युटर अकरा सेकंदांत सुरू झाल्याचा आवाज आला, की आण्णाप्पा शेजारच्या खोलीतून म्हणत, "आला बघ पळत. हात हलवत."

त्यांना झोपताना, उठताना, एकच दिसत होतं. भिंगाखाली सुई, आणि सुईच्या टोकावर उचललेला धागा. दीडशेच्या वर बायकांचा वीत-वीत काठ त्यांनी आपल्या हातानं उसवला होता. कुणी चोरून नेला असता तरी कुठंतरी असता. उसवलेलं कुठंच नसतं.

शुक्रवारी दुपारी ते परत दुकानात जायला निघाले. ह्या वेळी पोलिसात देतो म्हणून सांगणार होते. पायात चपला घातल्या, तेव्हा पूर्णिमा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"मामा, दुकानात जाऊ नका."

"का?"

"तिथं न्हाय ते."

"तुला काय ठाऊक?"

तिनं पदराला हात पुसले. "रागवू नका असं मी म्हणणार न्हाय. रागवाच. पण आधी ऐका. खंडेनवमीला ह्यांनी वायरी काढून सगळं पुसून ठेवलं. तुम्ही पाट मांडलात. भिंग, सुया, कात्री, पुठ्ठ्याचा पंच, सगळं ठेवलंत. मग तुम्ही स्वतः ते काळं मागनं उपसून काढलंत आणि सगळ्यांच्या मधी, विड्याच्या पानावर ठेवलंत. मी विचारलं, हे कशाला? तुम्ही म्हणालात, हे न्हाय तर बाकीचं काय न्हाय. त्याला कुंकू तुम्हीच लावलंत. वर झेंडू एवढा घातलात की ते दिसंनाच."

आण्णाप्पांनी घातलेली एक चप्पल काढली.

"दसऱ्याला मुहूर्त नऊचा," पूर्णिमा सांगत राहिली. "हे डबा घेऊन गेले. नवीन ठेवायला पाट मोकळा पायजे म्हणून तुम्ही घाई केलीत. हत्यारं उचललीत आणि बाकीचं, फुलं, पानं, आपटा, सगळं एका फडक्यात भरलंत. निर्माल्य."

निर्माल्य घरातल्या वडीलधाऱ्यानंच वाहत्या पाण्यात सोडायचं, ही ढवळ्यांच्या घरची रीत. त्या दिवशी नवा कॉम्प्युटर घरात यायच्या आधी आण्णाप्पा बसनं मार्कंडेय नदीच्या पुलावर गेले होते. फडकं उलटं करून झटकलं होतं, दोनदा, नीट, त्यात एक पाकळीही राहू नये म्हणून. वर हात जोडले होते.

"तवाच का न्हाय सांगितलंस?" त्यांनी ओरडायचा प्रयत्न केला. ओरडणं निघालं, पण त्याला कुठं जायचं तेच कळेना.

"मला वाटलं, तुम्ही खिशात टाकलं असंल. मग परवा कळलं काय हुडकताय ते. पाच दिवस तुम्ही ह्यांना शिव्या दिल्यात, त्या दुकानवाल्याला दिल्यात. मला कुणी इचारलं? मला फक्त चहा मागितलात."

आण्णाप्पा गेलेच, पण दुकानात नाही. पुलावर गेले. परतीच्या पावसाचं पाणी अजून गढूळ होतं आणि चांगलं वाहत होतं. कठड्याशी झेंडूची दोन वाळकी फुलं अडकलेली होती, ती कुणाचीही असू शकत होती. ते तिथं बराच वेळ उभे राहिले. पाठीमागून वाळूचे ट्रॅक्टर जात होते आणि पूल हादरत होता. राग आता उलटा फिरून त्यांच्याच अंगावर आला होता आणि तो झटकता येत नव्हता. दुकानात त्या माणसाला चोर म्हटलेलं आठवलं, तेव्हा त्यांनी स्वतःच्याच मांडीवर बुक्की मारली. मग बस बदलून टिळकवाडीला गेले, दुकानाच्या दारात उभे राहून सौरवला म्हणाले, "माझ्याच हातनं नदीत गेलतं. मी तुला चोर म्हणालतो. ते परत घेतो." सौरवनं खुर्ची पुढं केली. ते बसले नाहीत.

रविवारी नागुबाई ठरल्याप्रमाणं आली. ती यायच्या आधी सूरज वडिलांच्या जवळ येऊन बसला.

"आप्पा, माझ्यामुळं गेलं म्हणून सांगा. मशीन बदलताना गेलं. अर्धं खरंच हाय ते. मला शिव्या घालंल आणि जाईल. मी कुठं नंदगडला जातोय?"

"ऊठ हितनं," आण्णाप्पा म्हणाले.

"मी तुमच्यासाठीच म्हणतोय."

"मला ठाऊक हाय. म्हणूनच ऊठ."

नागुबाईनं पिशवी खाली ठेवली, खुर्चीत बसली आणि काळ्या पडद्याकडं बघितलं. "चालू कर की."

"चालू करून उपयोग न्हाय आक्का. काठ गेला."

"कुठं गेला?"

आण्णाप्पांनी सगळं सांगितलं. लॉक काय असतं इथपासून पुलावर फडकं झटकलं इथपर्यंत. मध्ये सूरज एकदा बोलू लागला, तेव्हा त्यांनी हातानं त्याला गप्प केलं. नागुबाई ऐकत होती.  पूर्णिमानं आणलेला चहा तिनं घेतला नाही, त्यावर साय धरली.

"म्हंजे हाय, पण दिसत न्हाय," ती शेवटी म्हणाली.

"व्हय."

"आज्जी, फायली तीन ठिकाणी ठेवल्यात," सूरज म्हणाला. "पुढं-मागं कुणाकडं तसलं लॉक मिळालं तर..."

"ठेव. नीट जपून ठेव," नागुबाई म्हणाली. "माझी नात मार्गशीर्षात ते नेसून बोहल्यावर उभी ऱ्हाईल." मग ती आण्णाप्पांकडं वळली. "आण्णाप्पा, नदीत टाकलंस ते मी एक येळ सोडलं असतं. देवाचं करताना कुणाच्या हातनं काय बी जातंय. पण मी तवा काय म्हणालते, आठवतंय?"

आण्णाप्पांना आठवत होतं. चौदा वर्षं त्यांनी ते आठवू दिलं नव्हतं, इतकंच.

"मी म्हणालते, उसवायच्या आधी फोटू काढून ठेव. माझ्या धाकट्याकडं मोबाईल होता, त्यो काढतो म्हणाला. तू काय म्हणालास?"

"फोटूत धागा मोजता येत न्हाय."

"आनी?"

"आणि... एकदा मशीनमधी गेलं की फोटूची गरज न्हाय."

"हसलास पण वर. आडाणी बाई म्हणून." तिचा आवाज वाढला नव्हता. तो खाली गेला होता, आणि म्हणून सूरज आणि पूर्णिमा दोघंही जागच्या जागी उभे होते. "माझी आई त्या लुगड्यात चार बाळंतपणं करून उठली. ती गेली तवा भावांनी जमीन वाटून घेतली. मला वीतभर काठ आला. मी त्यो तुला दिला. फोटू असता तर मी तेजस्वीला दाखवला तरी असता, ही बघ तुझी पणजी नेसायची."

"मी काढून देतो आक्का. आठवून. करवतीचे दाते मला..."

"किती दाते होते?"

 दोन मुंग्यांत अंतर किती, मुंगीला पाय सहा की चार, दात्यांच्या टोकाला पिवळा होता की केशरी, त्यांना काही सांगता येईना. सगळं मशीनमध्ये होतं म्हणून डोक्यात ठेवलं नव्हतं.

"मला तुझ्या मनातला काठ नको," नागुबाई म्हणाली. "त्यो मी तुला इकत पण मागितला नसता."  मग तिनं विचारलं, "असं किती बायकांचं उसवलंस?"

"दोनशे बारा. पन्नासेकांचं भरमूनं इणलंय."

"म्हंजे दीडशेच्या वर बायकांचं गेलं. त्यास्नी सांगितलंस?"

"न्हाय."

"का?"

"कोण इचारायला येईल, तवा सांगावं म्हणालतो."

"म्हंजे मी आले म्हणून मला कळलं. न आलेल्या समजत बसतील, आमचा काठ आण्णाप्पाकडं हाय. मरताना लेकीला सांगतील, शहापुरात जा, त्याच्याकडं हाय." ती उठली आणि तिनं पिशवी काखेत मारली. "ह्या गल्लीतली कोण हाय त्यात?"

आण्णाप्पांना नावांच्या वहीत बघायची गरज नव्हती. "पलीकडच्या बोळात मालुबाई हाय. तिच्या सासूच्या लुगड्याचा काठ होता."

"चल."

"आत्ता?"

"मग काय दिवाळी करून? ऊठ. मी येते संगं. एकटा गेलास तर तू गोड बोलशील, मशीनवर ढकलशील, पोरावर ढकलशील, आनी ती बिचारी तुलाच च्या पाजून पाठवंल. मला तुमा शिकलेल्यांचं बोलणं ठाऊक हाय."

"मी पण येतो," सूरज म्हणाला.

"तू घरात बस," दोघंही एकदम म्हणाले.

बोळ अरुंद होता. दोन्हीकडं बंद मागांची घरं, काहींत आता शिलाईची, काहींत झेरॉक्सची दुकानं. नागुबाई पुढं चालत होती, जिला घर ठाऊक नव्हतं ती. आण्णाप्पा मागून डावीकडं, उजवीकडं सांगत होते. कुणी ओळखीचं भेटलं की ते मान खाली घालत. आज ते सगळं सांगून झालं, तर उद्या वडगाव, परवा खानापूरची बाजू, आणि वहीतली नावं संपायला संक्रांत उजाडेल, असा हिशेब त्यांच्या डोक्यात आपोआप मांडला गेला, आणि ते मागं पडले. नागुबाईनं मागं वळून बघितलं. "चाल की. उसवायला चार दिवस बसायचास, तवा दमत नव्हतास."

मालुबाई दारातच वाटाणे सोलत बसली होती. आण्णाप्पांना बघून तिचा चेहरा खुलला. तिनं सूप बाजूला सरकवलं.

"या की हो. किती दिसांनी. सासूबाईंचा काठ इणाय काढला का काय भरमूनं?"

आण्णाप्पांनी नागुबाईकडं बघितलं. ती भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर दयेचा टिपूस नव्हता. मालुबाई आत वळून चहाचं आधण ठेवायला सांगणार, तेवढ्यात ते म्हणाले, "च्या नको, मालुबाई. मी बसत पण न्हाय. आधी माझं ऐका."

आणि उंबऱ्याबाहेरच, चपला पायात ठेवून, त्यांनी खंडेनवमीच्या पाटापासून सुरुवात केली.